सातवा चौकोन

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्यालगतच्या दोन खोल्यांत एक बहीण आणि एक भाऊ राहत. भाऊ साठीला टेकला होता, तरी सगळी इमारत त्याला छोट्या म्हणायची, कारण त्याची बहीण तसं म्हणायची. आणि बहिणीला सगळे ताई म्हणत, कारण छोट्या तसं म्हणायचा.

छोट्याला दिसत नव्हतं. तीन वर्षांचा असताना गोवराच्या तापात त्याचे डोळे गेले. तो वेताच्या खुर्च्या विणायचा. पुढच्या खोलीत दाराशी बसायचा, खुर्चीची रिकामी चौकट मांडीवर, शेजारी बादलीत भिजत घातलेल्या वेताच्या पट्ट्या. चौकटीची भोकं बोटांनी चाचपत तो आधी उभ्या पट्ट्या ताणायचा, मग आडव्या, आणि सगळ्यांत शेवटी तिरप्या. तिरपी पट्टी नीट बाजूने ओवली तर सुळकन जाते. उलट्या बाजूने ओवली तर दर दोन बोटांवर अडते. "हात सांगतो, बाई," तो मला म्हणायचा. "अडलं की समजायचं, आपलं काहीतरी चुकलं."

तो गोड स्वभावाचा नव्हता, हे आधीच सांगते. अंध माणूस म्हटलं की लोकांना तो शांत, समाधानी हवा असतो. छोट्या तिरकस होता. रस्त्यात कुणी न विचारता त्याचा दंड धरून पलीकडे नेलं, की पलीकडे पोचल्यावर तो म्हणायचा, "आभारी आहे. मला इकडे यायचंच नव्हतं. आता परत सोडा." कुठे जायचं नसलं तरी रोज सकाळी बुटांना पॉलिश करायचा, आणि नीट झालं का हे ताईला विचारायचा. ती न बघताच "चेहरा दिसतोय त्यात" म्हणायची. "कुणाचा?" "माझाच. आणि काही बरा दिसत नाहीये."

ताई त्याच्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी. दवाखान्याच्या धुलाईघरात तिने जन्मभर इस्त्री केली. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे जुने पांढरे डाग होते. वडील लवकर घर सोडून गेले होते, आणि आई वारली तेव्हा ताई शाळेतच होती. तिची शाळा तिथे सुटली. लग्नाचं एकदा मी विचारलं, तर हसून म्हणाली, "आले होते हो एकदोघं. पण दोघांना ठेवून घ्यायची त्यांची तयारी नव्हती, आणि एकटीने जायची माझी नव्हती." एवढंच. पुन्हा तो विषय निघाला नाही.

एका सकाळी तोंड धुताना ती मोरीत पडली. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी पाठवताना डॉक्टर छोट्याला म्हणाले, "त्यांना किती समजतंय ते सांगता येत नाही. पण बोलत राहा त्यांच्याशी. ओळखीचं काहीतरी बोला."

त्यानंतर काही दिवसांनी छोट्या माझी खुर्ची घेऊन वर आला. तिची बैठक मी त्याच्याकडे विणायला दिली होती. खुर्ची ठेवून तो दारातच उभा राहिला. मी त्याला त्याची मजुरी देऊ लागले.

"ते राहू द्या, बाई. त्याऐवजी एक काम कराल? वाचून दाखवायचंय."

"काय?"

"हसू नका. चित्रांची पुस्तकं आहेत. मुलांची."

"मी का हसेन?"

"तुम्ही शाळेतल्या. तुमच्या टेबलाच्या खणात अशी पुष्कळ जमा झाली असतील." मग म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, बोला. आता आम्ही काय बोलणार? घरात आम्ही मीठ कमी, पाणी गेलं, दार लाव, एवढंच बोलतो. पोटभर बोललो ते फक्त त्या पुस्तकांबद्दल. ती वाचायची, मी ऐकायचो. म्हटलं, आता तिला ऐकवावीत. पहिल्या अंकापासून. पण मला कुठे वाचता येतात?"

आतल्या खोलीत ताईच्या पलंगाखाली पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात चाळीसेक अंक होते, नीट लावून, क्रमाने. धुलाईघरातून येताना रद्दीच्या दुकानातून तिने ते एकेक करून गोळा केले होते. मालिकेचं नाव 'शेवटची फळी'. मुखपृष्ठावर पाच जण: म्हातारा कप्तान, ज्याच्याकडे डोक्याशिवाय दुसरं हत्यार नाही, घण, जो मुठीने भिंती पाडतो, वीज नावाची मुलगी, पारा, जो कुठल्याही फटीतून वाहत जातो, आणि आरसा, जो समोरच्याचा चेहरा घेतो. शहरावर संकट आलं की पोलीस हरतात, सैन्य हरतं, आणि मग हे पाच जण उभे राहतात. शत्रू ठरलेला. त्याचं नाव राखाडी. तो हात लावेल त्याची राख होते.

वाचायच्या आधी छोट्याने मला पद्धत समजावली. लहानपणी ताई त्याचा डावा तळवा आपल्या मांडीवर उघडा ठेवायची. एक चौकोन वाचून झाला, की तळव्यावर बोट टेकवायची. म्हणजे हे चित्र संपलं, दुसरं सुरू. आणि अख्ख्या पानाचं एकच मोठं चित्र असलं, तर बोट नाही. आपला सगळा तळवा त्याच्या तळव्यावर ठेवायची.

"तुम्ही टेबलावर पेन्सिल वाजवा, म्हणजे झालं," तो म्हणाला. "तुम्हाला काय माझा हात धरायला सांगत नाही." ताईचा डावा हात उचलून त्याने आपल्या तळव्यावर ठेवला. त्या हातात थोडा जीव होता, पण तिने तो कधी हलवलेला मी पाहिला नव्हता. बोटं मिटलेली, मुठीसारखी. तिचे डोळे छताकडे होते.

मी वाचू लागले. चित्रात काय आहे ते सांगायचं, मग फुग्यातलं बोलणं, मग पेन्सिल. तिसरं पान संपवून मी उलटणार, तेवढ्यात तो म्हणाला, "एक राहिला."

"काय राहिलं?"

"चौकोन. या पानावर सात आहेत. तुम्ही सहा वाचलेत."

मी पुन्हा पाहिलं. "सहाच आहेत रे."

"चष्मा पुसा, बाई. सातव्यात कानोसा येतो. पहिल्यांदा येतो, म्हणून तर लक्षात आहे."

मी चष्मा पुसला. कानोसा नावाचं कुणीही त्या पानावर नव्हतं, मुखपृष्ठावर नव्हतं, आणि पुढची पानं चाळली तर तिथेही नव्हतं. मी मान वर केली. ताईचे डोळे छतावरून उतरून माझ्याकडे लागले होते. छोट्याच्या तळव्यावरचा तिचा हात इतका आवळला होता की डागांच्या कडा लाल झाल्या होत्या. तिला सगळं समजत होतं. आणि ती मला काय सांगत होती, हेही मला समजलं. वर्गात मागच्या बाकावरून असे डोळे मी पुष्कळ पाहिले आहेत.

"हो, आहे," मी म्हटलं. "खाली कोपऱ्यात. छपाई पुसट झाली आहे, मला नीट दिसत नाही. तुला आठवतं तर तूच सांग."

तो खूश झाला. "कानोसा छपरावर बसलाय. कान कौलांना लावून. सगळ्या शहराचं त्याला ऐकू येतं. कुणी कुठे रडतंय, कुठली कडी उघडली, राखाडीच्या बुटाखाली काच कशी फुटली. तो कप्तानला सांगतो आणि मग बाकीचे धावतात. तो नसता तर हे पाच जण नुसते गल्ल्या धुंडाळत बसले असते."

"त्याला दिसत नाही का?" मी विचारलं.

"ताई कधी तसं म्हणाली नाही," छोट्या म्हणाला. "तो नेहमी अंधारात काम करायचा, एवढंच."

ताईचा हात हळूहळू सैल झाला.

असं आमचं वाचन सुरू झालं. दुपारी त्याची विणकामाची बैठक संपली की मी खाली जायची. एका वेळी एकच अंक. मी छापलेलं वाचायची, आणि जिथे त्याचा चौकोन येई तिथे तो सांगायचा. त्याला सगळे पाठ होते. एकेका अंकावर त्याचं मतही असायचं. "हा भिकार आहे. घण नुसता ओरडतो." "यात राखाडी फारच लवकर पळतो, लिहिणाऱ्याला घरी जायची घाई असणार." एकदा म्हणाला, "बाई, या अंकापासून वीज एकदम चिडकी होते. ताईचा आवाजच बदलायचा. मी तेव्हा विचारलं होतं, पण तिने सांगितलं नाही. का हो?" मी मागचा अंक काढून पाहिला. "चित्रं काढणारा बदलला आहे. नवा माणूस तिच्या भुवया जाड काढतो."

"भुवया!" तो कितीतरी वेळ हसत राहिला. "म्हणजे ताई भुवया वाचत होती!"

पुलाच्या अंकाला मात्र तो हसला नाही. राखाडी पुलावर हात ठेवतो, पूल लोकांसकट कोसळतो. पाच जण उशिरा पोचतात. मग एक अख्खं पान आहे: नदीचं पात्र आणि त्यात पडलेली माणसं, ओळीने. मी थबकले.

"अख्खं पान ना?" तो म्हणाला. "आठवतंय. तिचा तळवा ओला होता. मी विचारलं, काय आहे? म्हणाली, धूळ आहे. नुसती धूळ आहे." जरा वेळाने त्याने विचारलं, "काय आहे?"

"माणसं आहेत," मी म्हटलं. "मेलेली."

"असणारच," तो म्हणाला. "धुळीला कुणी अख्खं पान देत नाही."

विसावा-बाविसावा अंक चालू होता, तेव्हा फर्निचरवाला आला. मोठ्या आवाजाचा, मोठ्या पोटाचा, मनाने चांगला माणूस. छोट्याला खुर्च्या तोच आणून द्यायचा. चार चौकटी त्याने पुढच्या खोलीत टाकल्या आणि आत डोकावला.

"काय छोटेराव, शाळेत नाव घातलं वाटतं! बाई, हा अभ्यास करतो ना? की कान पिळू?"

"तू तुझं दुकान सांभाळ," छोट्या म्हणाला. "मागच्या खेपेला तीन पायांची खुर्ची पाठवलीस."

"चौथा पाय तुला शोधायला ठेवला होता." मग त्याची नजर माझ्या हातातल्या अंकावर गेली. "अरे! शेवटची फळी! कुठून मिळवलीस? आम्ही मारामाऱ्या करायचो यावरून. मी घण व्हायचो. पाच जण, आणि आम्ही सात पोरं. दोघांना राख व्हायला लागायचं."

"सहा जण," छोट्या म्हणाला.

"पाच रे."

"सहा. कानोसा धरून."

"कोण कानोसा?" फर्निचरवाला हसला. "माझे सगळे अंक पाठ होते. कानोसा-बिनोसा कुणी नाही. हे बघ, मुखपृष्ठावर मोजून घे, एक, दोन..." आणि कुणाला मोजायला सांगतो आहोत हे कळून तो गप्प झाला. पुढच्या खोलीतल्या बादलीत पट्टी सुटून बुडल्याचा आवाज आला. तो काहीतरी पुटपुटून निघून गेला.

छोट्या उठून पुढच्या खोलीत गेला आणि चौकट मांडीवर घेऊन तिरप्या पट्ट्या ओवू लागला. मी मागोमाग गेले. पट्टी अडत होती. तो ती तशीच ओढत होता. शेवटी ती तुटली.

"बाई, पाच?"

मला खोटं बोलता आलं नाही. "पाच."

"आणि तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"हो."

तो आत गेला. ताईच्या पलंगाशी उभं राहून तो जे बोलला ते मी इथे सगळं लिहीत नाही. "आंधळ्याला काय, काहीही वाचून दाखवावं," असं तो म्हणाला. "लाज कशी वाटली नाही? मी वसतिगृहातल्या पोरांना कानोशाच्या गोष्टी सांगितल्या. ती हसायची. मला वाटायचं, मेल्यांनी वाचलेलं नाही." ताईच्या तोंडून एक आवाज आला, शब्द नव्हे. तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी उशीवर गेलं. ते त्याला दिसलं नाही आणि मी त्याला सांगितलं नाही.

वाचन बंद पडलं. मी दोनदा खाली गेले, दोन्ही वेळा त्याने "आज काम आहे" म्हणून दारातूनच परत पाठवलं. सकाळी येणारी नर्स सांगायची, तो तिचं सगळं करतो, दूध पाजतो, कूस बदलतो, पण तोंडातून शब्द काढत नाही. ताई छताकडे बघत असते. मग एक दिवस नर्स म्हणाली की ताईला आणखी एक झटका येऊन गेला असावा. दूध गिळत नाही, बाहेर येतं. डॉक्टर आले आणि बाहेर जिन्यात उभं राहून म्हणाले, "आता फार दिवस नाहीत."

त्याच दुपारी छोट्या वर आला. जिना चढून दमला नव्हता, तरी कठड्याला धरून उभा राहिला.

"शेवटचा अंक वाचायचाय," तो म्हणाला.

"मधले सतरा-अठरा राहिलेत."

"ते राहू देत. वेळ नाहीये." मग तो खाली पायरीवरच बसला, बुटांच्या टोकांवर हात ठेवून. "तो मी कधी ऐकलाच नाही, बाई. तेव्हा मी वसतिगृहात होतो, खुर्च्या शिकायला. चौदा-पंधराचा असेन. ती रविवारी भेटायला यायची, येताना अंक आणायची, अंगणात कोपऱ्यात बसून वाचायची. पोरं लपून ऐकायची. खूप चिडवायची. एका रविवारी ती आली, म्हणाली, छोट्या, शेवटचा मिळाला रे, फार शोधला. सगळी पोरं तिथेच उभी होती. मी म्हटलं, मला नको तुझी पोरकट चित्रं. मला डोळे नाहीत, दिसत नाही का तुला? सगळे हसले. तीसुद्धा थोडी हसली. आणि अंक पिशवीत ठेवून गेली."

"मग?"

"मग काही नाही. पुढच्या रविवारी बिस्किटं आणली. पुन्हा ना तिने विषय काढला, ना मी." त्याने बुटाच्या टोकावरची धूळ पुसली. "आता मला कळायला हवं. कानोशाचं शेवटी काय झालं? जगला का मेला? पुस्तकात तो नाहीच. म्हणजे हे जगात एकाच माणसाला ठाऊक आहे. आणि तिला बोलता येत नाही."

मी खाली गेले. ट्रंकेत सगळ्यांत तळाशी तो अंक होता. बाकीच्या अंकांची पानं वाचून मऊ झाली होती. याची कोरी होती, कडक. फक्त उभी एक घडी होती, घाईने पिशवीत खुपसल्यासारखी.

छोट्या पलंगाशी बसला. ताईचा हात त्याने पूर्वीसारखा आपल्या तळव्यावर ठेवला. "ताई," तो म्हणाला, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. "शेवटचा वाचतोय गं." ती डोळे मिटून होती. श्वासाचा घरघर आवाज येत होता.

अंक वाईट होता. लिहिला वाईट होता असं नाही म्हणत. त्यात काही सुटका नव्हती. राखाडीची राख शहरभर पसरते. ती थांबवायची तर मोठा दरवाजा आतून बंद करावा लागणार, आणि आत राहील तो वाचणार नाही. कप्तान म्हणतो, "आतून बंद करायला एकजण पुरेल." घण म्हणतो, "दरवाजा जड आहे. मी थांबतो." मग वीज थांबते, पारा थांबतो, आरसा थांबतो. मी वाचत होते आणि पेन्सिल वाजवत होते.

तिसऱ्या पानाशी छोट्याने मान वर केली. "पेन्सिल थांबवा."

मी पाहिलं. ताईचं पहिलं बोट त्याच्या तळव्यावर टेकत होतं. अगदी हलकं, चादरीखाली हललं असतं तर मला कळलंही नसतं. मी पुढचा चौकोन वाचला आणि थांबले. बराच वेळ गेला. मग बोट टेकलं. त्यापुढे मी तिच्या बोटाच्या चालीने वाचलं. ती चाल फार हळू होती.

या अंकात सातवे चौकोन नव्हते. एकाही पानावर बोट जास्तीचं टेकलं नाही. छोट्या प्रत्येक पानाच्या शेवटी थांबायचा, वाट बघायचा, आणि मग म्हणायचा, "पुढे."

शेवटून दुसरं पान अख्खं होतं. बंद दरवाजा, आणि त्याच्या आत पाच जण राखेत पडलेले, हात एकमेकांच्या हातांत. मी ते सांगितलं. ताईची मिटलेली बोटं उघडायला लागली. आधी करंगळी, मग शेजारचं. एकेक बोट सुटं करताना तिचा श्वास अडकत होता. मग तिने सगळा तळवा त्याच्या तळव्यावर ठेवला.

शेवटच्या पानावर एकच छोटा चौकोन होता. सकाळ झाली आहे, कुणीतरी खिडकी उघडतंय, शहराला काहीच माहीत नाही. खाली लिहिलं होतं, समाप्त. ताईचं बोट टेकलं.

"संपला अंक," मी म्हटलं.

"थांबा," छोट्या म्हणाला.

बोट पुन्हा टेकलं. मग जरा वेळाने आणखी एकदा. पुस्तक माझ्या मांडीवर मिटलेलं होतं. ताईचे ओठ हलत होते. प्रत्येक टेकण्याआधी ती काहीतरी म्हणत होती, आवाजाशिवाय, आपण झोपेत बोलतो तसं. छोट्या पुढे वाकला, कान तिच्या तोंडाशी नेला. कितीतरी चौकोन झाले. आणि मग तिची बोटं पुन्हा एकेक करून उघडली, आणि तिने सगळा तळवा त्याच्या तळव्यावर ठेवला. तो तिथेच राहिला.

"काय आहे गं, ताई?" छोट्या म्हणाला. "अख्ख्या पानावर काय आहे?"

तिच्या घशातून एक आवाज आला. त्याचा शब्द झाला नाही.

त्यानंतर तिने डोळे उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीआधी ती गेली. छोट्याने हात काढून घेतला नव्हता; बोलावून आणलेल्या नर्सने तो सोडवला.

सगळं आवरल्यावर मी खाली गेले, तेव्हा तो पुढच्या खोलीत नेहमीच्या जागी होता, पण मांडीवर चौकट नव्हती. ट्रंक त्याने ओढून बाहेर आणली होती.

"बाई, ते मुद्दाम होतं ना? तळवा ठेवला ते?"

"मुद्दाम. मी पाहिलं. एकेक बोट उघडलं तिने."

"हाताला ताकद उरली नाही म्हणून नाही?"

"नाही रे. ताकद लावून उघडली."

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "सगळ्या अंकांतली अख्खी पानं काढा. फक्त अख्खी. एकेकात काय आहे ते सांगा."

मी पहिल्या अंकापासून काढत गेले. पाच जण छपरावर उभे, मागे सूर्य उगवतोय. पूल आणि नदी. राखाडी तुरुंगात. घण पोराला खांद्यावर घेऊन चाललाय, लोक टाळ्या वाजवतायत. आग लागलेली शाळा. कप्तानची जखम. तो ऐकत होता, आणि डाव्या हाताच्या बोटांनी एक बाजूला, उजव्या हाताच्या बोटांनी दुसऱ्या बाजूला काहीतरी मोजत होता. शेवटच्या अंकाचं पान मी सांगितलं तेव्हा त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"अख्ख्या पानावर एकतर जिंकल्याचं असतं, नाहीतर मेल्याचं," तो म्हणाला. "आणि दोन्ही सारखीच भरली. म्हणजे काही कळत नाही."

"नाही कळत," मी म्हटलं.

"तुम्ही तरी सांगा काहीतरी. तुम्हाला काय, एवढी पुस्तकं वाचलीत. सांगा, जगला."

सांगणं सोपं होतं. पण एकदा त्याच्यासाठी मी चौकोन पुसट छापला होता, आणि त्याचा शेवट कुठे झाला ते पाहिलं होतं. "मला माहीत नाही, छोट्या," मी म्हटलं.

बाहेर जिन्यात कुणाची तरी मुलं धावत वर गेली. मग त्याने चाचपत, मोजत ट्रंकेतला एक अंक काढला आणि माझ्यापुढे धरला. "इथे थांबलो होतो आपण. फर्निचरवाला आला तेव्हा."

मी पान उघडलं आणि वाचायला लागले. तो रिकाम्या खोलीकडे पाठ करून बसला होता. पहिल्या पानाचा सहावा चौकोन वाचून झाला, मी पेन्सिल वाजवली आणि थांबले. इथे तो नेहमी सांगायचा.

त्याने आपल्याच डाव्या तळव्यावर उजव्या हाताचं बोट एकदा टेकवलं. बराच वेळ ते तसंच धरून बसला.

"यात काय होतं ते आठवत नाही," तो म्हणाला. "पण होता. पुढे वाचा."